सहा तुकड्यांची खुर्ची

इराण्याच्या हॉटेलात आपण ज्या खुर्चीवर बसतो तिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. समोर चहा येतो, ब्रून मस्का येतो, शेजारच्या टेबलावर कुणी पेपर चाळत असतं, आणि खुर्ची आपली निमूटपणे वजन पेलत असते. तिला नक्षी नाही, हात नाहीत, गादी नाही. काळपट तपकिरी रंगाच्या गोल काठ्या, पाठीशी एकीत एक बसलेल्या दोन कमानी आणि गोल बैठक, एवढाच तिचा संसार. पण आधुनिक फर्निचरच्या इतिहासाचं कोणतंही चांगलं पुस्तक उघडा, सुरुवातीच्याच पानांत ही खुर्ची भेटते. तिथे तिचं नाव आहे ‘नंबर १४’.

घर सजवणं ही गोष्ट आता आपल्याकडे फार मोठी झाली आहे. फ्लॅटचा ताबा मिळायच्या आधी फॉल्स सीलिंग कसं असावं यावर घराघरांत चर्चा होते, आणि प्रेरणा हवी म्हणून परदेशातल्या बंगल्यांचे फोटो पाहिले जातात. त्यात वाईट काहीच नाही. आपलं घर देखणं असावं ही इच्छा निर्मळच आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की चांगली खोली कशी असते आणि चांगली वस्तू कशी असते, याचं शिक्षण मुंबई-पुण्याच्या माणसाला कित्येक वर्षं एका चहाच्या किमतीत मिळत आलं. ते नीट समजून घ्यायचं तर सुरुवात त्या खुर्चीपासूनच करावी लागते.

ती घडवणारा मिखाएल थॉनेट हा ऱ्हाईन नदीकाठच्या बोपार्ड गावचा सुतार. जन्म १७९६ चा. त्याच्या काळात खुर्चीला वळणदार भाग हवा असेल तर तो रुंद फळीतून करवतीनं कापून काढत. त्यात लाकूड वाया जाई, आणि जिथे वळण लाकडाच्या रेषांना आडवं कापे तिथे तो भाग कच्चा राही. शिवाय प्रत्येक सांधा हातानं बसवायचा. म्हणजे देखणी खुर्ची ही श्रीमंताच्याच घरची. थॉनेटनं १८३० च्या दशकात लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून, एकावर एक ठेवून साच्यात वाकवायला सुरुवात केली. १८४१ मध्ये कोब्लेंझच्या प्रदर्शनात हे काम ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निक याच्या नजरेत भरलं आणि पुढच्याच वर्षी थॉनेट व्हिएन्नाला गेला. तिथे त्यानं राजवाड्यांची कामं केली, १८५३ मध्ये मुलांच्या नावानं कंपनी उभी केली. पण सरसानं जोडलेल्या लाकडाला दमट हवा मानवत नाही. जहाजातून दूरच्या मुलखात जाणाऱ्या मालाचे थर सुटू लागले. तेव्हा त्यानं सरस सोडून दिला आणि अखंड लाकूड वाकवायचा ध्यास घेतला. १८५६ मध्ये त्याला त्या पद्धतीचे हक्क मिळाले.

ती पद्धत मला अजूनही थक्क करते. बीच नावाच्या झाडाचं सरळ रेषांचं लाकूड घ्यायचं, त्याच्या काठ्या लेथवर गोल करायच्या, मग बंद पेटीत त्यांना भरपूर वाफ द्यायची. वाफेनं लाकूड मऊ होतं, पण सगळीकडून सारखं नाही. वाफवलेलं लाकूड दाबलं तर बरंच दबतं. ताणलं तर जवळजवळ ताणत नाही. काठी वाकवली की तिची आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते, म्हणून ती बाहेरच्या बाजूनं फाटते. थॉनेटनं काठीच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी लावली आणि ती दोन्ही टोकांना घट्ट आवळली. पट्टी लांबत नाही, त्यामुळे लाकडाची बाहेरची बाजूही लांबू शकत नाही. वाकण्याचा सगळा भार आतल्या बाजूच्या दबण्यावर येतो, आणि दबणं तर लाकडाला जमतंच. पेटीतून काठी बाहेर आली की कामगार दोन्ही टोकं धरून ती निवायच्या आत साच्याभोवती वळवत. मग साच्यासकट ती वाळवणीच्या गरम खोलीत जाई. काही दिवसांनी साचा सोडला की वळण कायमचं. लाकडाच्या रेषा कुठेही तुटलेल्या नसतात. त्या काठीबरोबर वळत जातात. म्हणून इतक्या बारीक काठीची खुर्ची धिप्पाड माणसाचंही वजन घेते.

१८५९ ची ‘नंबर १४’ ही या पद्धतीचं सार आहे. मागचे दोन पाय आणि पाठीची बाहेरची कमान मिळून एकच काठी. तिच्या आत छोटी कमान. बैठकीचं कडं. त्याच्याखाली चारही पायांना धरून ठेवणारं दुसरं कडं. पुढचे दोन पाय. झाले सहा तुकडे. त्यांना जोडायला दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे करून रचले की एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. खोकी जहाजावर चढत आणि खुर्ची जिथे जायची तिथे पोचल्यावर जोडली जाई. मोरावियात, बीचच्या जंगलांजवळ, कारखाने निघाले. आसपासच्या गावांतल्या बायका वेताच्या बैठका विणत. १९३० पर्यंत या एका नमुन्याच्या सुमारे ५ कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या.

थॉनेटच्या पद्धतीच्या हक्कांची मुदत १८६९ मध्ये संपली आणि याकोब अँड योझेफ कोन यांच्यासारखे दुसरे कारखानदारही वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या करू लागले. त्यामुळे आपल्याकडे आलेल्या सगळ्याच खुर्च्या थॉनेटच्या आहेत असं नाही. इराणी हॉटेलांचे जुने मालक कुणी व्हिएन्नाचं नाव घेतात, कुणी पोलंडचं, कुणी चेकोस्लोव्हाकियाचं. खुर्ची उलटी केली तर बैठकीच्या कड्याच्या आतल्या अंगाला कधी कधी कारखान्याचा छाप दिसतो. एक गोष्ट मात्र उघड आहे. दमट हवेतल्या प्रवासात सरस सुटतो म्हणून जी पद्धत पुढे आली, ती मुंबईच्या पावसाळ्यात टिकली नसती तरच नवल. चार महिने भिंतींना ओल येते, दारं फुगतात, पुस्तकांना बुरशी धरते, आणि या खुर्च्यांचे सहा तुकडे मात्र एकमेकांना धरून असतात. एखादा स्क्रू सैल झालाच तर पोऱ्या तो पिळून घट्ट करतो आणि खुर्ची पुन्हा टेबलाशी लावतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला याझ्द, केरमान या भागांतून आलेल्या इराणी झरतुष्ट्री कुटुंबांनी मुंबईत ही हॉटेलं काढली. धोबीतलावाजवळचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं, पुण्याच्या डेक्कनवरचं गुडलक १९३५ चं. नाक्यावरचे गाळे त्यांनी घेतले. तशा गाळ्यांत दुकान लाभत नाही असं इतरांना वाटे म्हणून ते मिळाले असं सांगतात. पण खोली म्हणून पाहिलं तर नाक्यावरचा गाळा म्हणजे दोन अंगांनी उजेड, दोन अंगांनी वारा. उंच छत, त्याला लांब दांडीचे पंखे. भिंतींवर मोठमोठे आरसे: त्यांनी जागा दुप्पट दिसते, उजेड मागच्या टेबलापर्यंत पोचतो, आणि गल्ल्यावर बसलेल्या शेठला मान न वळवता सगळं हॉटेल दिसतं. टेबलाला संगमरवरी फरशी, कारण ती थंड राहते आणि एका फडक्यानं लख्ख होते. बिस्किटांच्या काचेच्या बरण्या, कारण माल दिसला की मागायला सांगावं लागत नाही. तिथल्या कोणत्याही वस्तूकडे बोट दाखवून ‘ही इथे का?’ असं विचारलं तर उत्तर मिळतं. तरीही कामाच्या पलीकडचं काहीतरी त्या खोलीत आहे. दुपारी तीनच्या सुमारास, गर्दी ओसरल्यावर, आरशातला उजेड संगमरवरावर उतरतो आणि खुर्च्यांच्या कमानींच्या सावल्या फरशीवर एकमेकींत गुंततात. हे सौंदर्य कुणी वेगळं आणून लावलेलं नाही. प्रत्येक वस्तू आपल्या कामाला चोख होती, आणि त्या एकत्र आल्यावर खोली सुंदर झाली.

खुर्ची आपल्याकडे दीर्घकाळ अधिकाराची वस्तू होती. कुणी खुर्चीवर बसायचं, कुणी जमिनीवर, आणि कुणी उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, हे ठरलेलं असे. साहेबापुढे उभं राहणं हीच रीत. अशा समाजात इराण्यानं एका जातीच्या पन्नास खुर्च्या मांडल्या. गिरणीतून सुटलेला कामगार, कोर्टातला कारकून, परीक्षेला आलेला विद्यार्थी आणि गाडीची वाट पाहणारा व्यापारी, सगळ्यांना तीच खुर्ची. चहापुरते पैसे खिशात असतील त्याला पाठ टेकायला मिळे. व्हिएन्नाच्या कॉफीहाउसांत ज्या कमानीला लेखक आणि दरबारी टेकत होते, त्याच कमानीवर परळचा माणूस ओली छत्री अडकवून बसत होता. वस्तू स्वस्त झाली तरी तिचं रूप हलकं झालं नाही, ही थॉनेटची कमाई. माझ्या लेखी डिझाइन या कामाचं एवढं मोठं यश दुसरं नाही.

घरातली गोष्ट थोडी वेगळी. मराठी घर पूर्वी जमिनीवरच बसत असे, आणि तिथेही वस्तूंची जाण कमी नव्हती. आमच्या आजोळी जेवायचे पाट होते. सागवानी फळी, तिला खाली दोन आडव्या पट्ट्या, एवढीच त्याची रचना. पण त्या पट्ट्यांनी फळी ओल्या जमिनीपासून वर राहते, वाकत नाही, आणि पाट उचलायला खाली बोटं जायला जागा होते. जेवणं झाली की पाट भिंतीशी उभे, आणि खोली मोकळी. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तर हे कसब पराकोटीला पोचलेलं मी पाहिलं आहे. सकाळी तिथे स्वयंपाकघर असे, दुपारी पापड लाटायची जागा, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, रात्री सहा माणसांचं अंथरूण. गाद्या कॉटखाली, ट्रंका गाद्यांमागे, खिडकीच्या कट्ट्यावर देव आणि रेडिओ. ती खोली दिवसातून चार वेळा बदलणारी बाई इंटिरिअर डिझाइन हे शब्द न उच्चारता तेच काम करत होती, आणि फार उत्तम करत होती. तिच्यापाशी जागा नव्हती, म्हणून प्रत्येक वस्तूला तिनं एकाहून अधिक कामं लावली.

हे बाहेरच्या जाणत्या माणसांनाही दिसलं. १९५८ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे इम्स हे अमेरिकी जोडपं इथे आलं. दोनच वर्षांपूर्वी, १९५६ मध्ये, त्यांची वाकवलेल्या प्लायवूडची आणि चामड्याची लाउंज चेअर बाजारात आली होती. लाकूड वाकवण्याच्या त्या वाटेवर ते थॉनेटच्या पुढच्या पिढीचे. देशभर फिरून त्यांनी ‘द इंडिया रिपोर्ट’ लिहिला. इथे पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांनी सर्वांत मोठा मान दिला तो लोट्याला, म्हणजे आपल्या तांब्याला. किती पाणी मावावं, भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कसा राहावा, डोक्यावर, कमरेवर, हातात कसा बसावा, धार कशी पडावी, आतून घासता येईल का, किंमत किती, असे प्रश्न त्यांनी ओळीनं मांडले. ही सगळी उत्तरं कुणा एका माणसानं दिलेली नाहीत, पिढ्यांनी दिली आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. त्याच अहवालाच्या प्रेरणेनं १९६१ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली. थॉनेटच्या खुर्चीला कर्ता आहे, तांब्याला नाही, पाटालाही नाही. पण तिघांची परीक्षा एकच झाली. अगणित हातांनी त्या वस्तू रोज वापरल्या, आणि त्या वापरात उरल्या.

वापरातून बाहेर पडलेल्या वस्तूचं काय होतं ते चंडीगढच्या खुर्च्यांनी दाखवलं. ल कॉर्ब्युझिए आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे यांनी १९२५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आपलं नव्या युगाचं घर मांडलं, तेव्हा त्यांनी त्यात वाकवलेल्या लाकडाच्या थॉनेट खुर्च्याच ठेवल्या होत्या. पंचवीसेक वर्षांनी जानरे चंडीगढला आला आणि १९६५ पर्यंत राहिला. नव्या शहराच्या कचेऱ्या, न्यायालयं, महाविद्यालयं यांना हजारो खुर्च्या हव्या होत्या. त्यानं आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी साग आणि वेत निवडला, इथल्या सुतारांना जमेल अशी रचना केली. कंपाससारखे फाकलेले पाय, वेताची बैठक, वेताची पाठ, हवा खेळती. मागे रंगानं खात्याची अक्षरं. कारकुनासाठी इतक्या आस्थेनं खुर्ची करणं हे फार मोठं काम होतं. पुढे वेत फाटला, पाय हलू लागले, आणि दुरुस्तीऐवजी नव्या खुर्च्या आल्या. जुन्यांचे ढीग गच्च्यांवर आणि आवारांत पडले, भंगाराच्या भावानं लिलावात गेले. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या, नव्यानं विणल्या, आणि आता त्या लाखो रुपयांना विकल्या जातात. २०११ मध्ये केंद्र सरकारला त्यांच्या निर्यातीबाबत आदेश काढावा लागला. मला त्या किमतीचं अप्रूप वाटत नाही. कारकुनासाठी केलेली खुर्ची दोरी बांधून दिवाणखान्यात ठेवली, की तिचं लाकूड शिल्लक राहतं, पण तिचं काम संपतं. आणि तिला वाचवायला लागत होतं ते फक्त वेत विणणारं एक माणूस.

वेत विणणारी माणसं अजून आहेत. आमच्या घरी वेताच्या बैठकीची एक जुनी खुर्ची आहे. तिची जाळी फाटली तेव्हा पेठेतल्या फुटपाथवर बसणाऱ्या एका काकांकडे मी ती नेली. त्यांनी आधी खुर्ची उचलून चारही बाजूंनी हलवून पाहिली. मग म्हणाले, “ताई, सांगाडा पक्का आहे. बैठक काय, ती बदलायचीच असते.” जुना वेत कापून त्यांनी कड्याची भोकं मोकळी केली. पाण्यात भिजवलेली वेताची पट्टी घेऊन आधी मागून पुढे धागे टाकले, मग डावीकडून उजवीकडे, पुन्हा एकदा तेच खालीवर विणत, आणि शेवटी दोन तिरपे धागे. भोकात लाकडी खुंट्या ठोकून ताण धरून ठेवायचा. तिरपे धागे पडले की मधल्या चौकोनांचे कोपरे कापले जातात आणि अष्टकोनी जाळी उमटते. ओला असताना वेत सैल वाटतो. वाळला की तबल्याच्या पुडीसारखा ताण धरतो. आपल्याकडे कितीतरी दृष्टिहीन कारागीर हे काम करत आले आहेत, सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्या त्यांच्या बोटांनी विणल्या आहेत; कारण ही वीण मोजून आणि चाचपून पूर्ण होते. काकांचं ते वाक्य माझ्या मनात पक्कं बसलं आहे. झिजणारा भाग वेगळा, टिकणारा भाग वेगळा, आणि झिजणारा भाग बदलता यावा: खुर्चीच्या शास्त्रातलं निम्मं शहाणपण त्यात येतं.

आज सर्वांत जास्त माणसांना बसायला देणारी खुर्ची प्लास्टिकची आहे, हे मान्य केलं पाहिजे. एकसंध ओतलेली, हलकी, एकात एक रचता येणारी. गणपतीच्या मांडवात, लग्नात, ग्रामसभेत, दवाखान्याच्या व्हरांड्यात तीच असते. थॉनेटनं जे केलं तेच तिनं पुढे नेलं: किंमत उतरवली आणि खुर्ची सगळ्यांना दिली. तिचा मी अपमान करणार नाही. पण तिचा एक पाय तडकला की अख्खी खुर्ची कचरा होते. तिथे पिळायला स्क्रू नाही, बदलायला बैठक नाही. आणि मोरावियाच्या ज्या कारखान्यात १८६१ पासून लाकूड वाकवलं जात आहे, त्या बिस्त्रित्सेच्या कारखान्यात आजही वाफेच्या पेटीतून काठ्या निघतात आणि साच्याभोवती वळतात. म्हणजे अनेकांसाठी असणं आणि दुरुस्त होणं, हे दोन्ही एका खुर्चीत येऊ शकतं. ते एकदा घडून दाखवलं गेलं आहे.

म्हणून घरासाठी वस्तू निवडताना मी आता तीन गोष्टी पाहते. ती रोज वापरली जाईल का. तिचा झिजणारा भाग बदलता येईल का. आणि आपल्या गावात तिला हात लावणारा कारागीर आहे का. या तिन्हींत बसणाऱ्या वस्तू फार महाग नसतात, फार नव्याही नसतात, आणि त्यांनी भरलेली खोली आपोआप जुळून येते. पण मला खरी आस घराबाहेरच्या जागांची आहे. एसटी स्टँडवर रात्रीच्या गाडीची वाट पाहणारी म्हातारी, सरकारी रुग्णालयात पेशंटच्या उशाशी रात्र काढणारा नातेवाईक, पाय जमिनीला न पोचणाऱ्या बाकावर पाच तास बसणारं पहिलीतलं मूल, यांच्या बसण्याचा विचार कुणीतरी थॉनेटइतक्या चिकाटीनं करायला हवा. आपल्याकडे डिझाइन शिकवणाऱ्या संस्था आहेत, हुशार मुलं आहेत, वाकवायला बांबू आहे, विणायला हात आहेत. त्या बाकासाठी आणि त्या स्टुलासाठी एखाद्या चांगल्या डिझायनरनं वर्षभर खपावं, आणि ते विकत घेणाऱ्या कचेरीनं निविदेत दोनच अटी घालाव्यात: बसणाऱ्याला आराम मिळाला पाहिजे, आणि मोडलं तर गावातच दुरुस्त झालं पाहिजे.